कळसूबाईची उंची ९९९ मीटर

प्रोग्राम चुकला तर त्याने बोंब मारावी, एवढीच माझी माफक अपेक्षा असते. लाल अक्षरं यावीत, ओळीचा नंबर यावा, आपण कपाळाला हात लावावा. एक्सएमएलमधून, म्हणजे नावाच्या खुणा (टॅग) लावून माहिती लिहिलेल्या फाइलीतून, काही शोधायला सांगितलेला कोड बोंब मारत नाही. तो अदबीने रिकामी यादी पुढे करतो. दोन चौकोनी कंस, आत काहीच नाही. "बघितलं हो, नाहीये."

प्रकरण आमच्या ट्रेक ग्रुपचं. कळसूबाई करून आल्यावर अण्णा म्हणाले, "घड्याळात सगळी वाट रेकॉर्ड झालीये. तू कॉम्प्युटरवाला ना? चढउताराचा ग्राफ काढून टाक. पाच मिनिटांचं काम." काम पाच मिनिटांचं आहे हे नेहमी ज्याला ते करायचं नसतं त्यालाच दिसतं.

घड्याळातून निघाली जीपीएक्स, म्हणजे वाट साठवणारी फाइल. जीपीएक्स म्हणजे शेवटी एक्सएमएलच. उघडून पाहिली तर आत सगळं लख्ख. वाटेवरच्या प्रत्येक बिंदूचा एक 'टीआरकेपीटी' टॅग, त्यावर अक्षांश-रेखांश, आणि पोटात 'ईएलई', म्हणजे उंची. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत कोड लिहून म्हटलं, सगळे टीआरकेपीटी दे. रिकामी यादी.

स्पेलिंग पाहिलं. कॅपिटल-स्मॉल पाहिलं, कारण एक्सएमएल त्या बाबतीत फार सोवळं. नोटपॅडमध्ये कंट्रोल-एफ मारलं तर टीआरकेपीटी रांगेने उभे. शेवटी मुद्दाम फाइलचं नाव चुकीचं दिलं, तेव्हा कुठे एरर आला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कोणीतरी बोललं तरी.

मग मुळातल्या टॅगचंच नाव छापून पाहिलं. साधं 'जीपीएक्स' यायला हवं होतं. आला महिरपी कंसात अख्खा वेबसाइटसारखा पत्ता आणि त्याच्या शेपटाला 'जीपीएक्स'. हाच तो नेमस्पेस, म्हणजे टॅगचं घराणं. फाइलीच्या डोक्यावर एकदा 'एक्सएमएलएनएस' लिहिलं की खालचे सगळे टॅग आपोआप त्या नेमस्पेसचे होतात. अंगावर कुठे लिहिलेलं नसतं, त्यामुळे डोळ्यांना साधा टीआरकेपीटीच दिसतो. आणि एक्सएमएलमध्ये शोधायची भाषा एक्सपाथ, तिच्या १९९९ सालच्या १.० आवृत्तीचा नियम असा, की नुसतं नाव दिलं तर ज्याला नेमस्पेसच नाही असाच टॅग शोधायचा. पायथननेही तोच कित्ता गिरवलेला. तसा टॅग फाइलीत एकही नव्हता. म्हणजे रिकामी यादी अगदी बरोबर होती! वर तो पत्ता कोणी उघडूनही बघत नाही. फक्त अक्षराला अक्षर जुळवतात. शेवटी एखादा स्लॅश जास्त पडला तरी संबंध संपले.

पत्ता जोडला. बिंदू धबधब्यासारखे आले. पण उंची एकाचीही नाही. कोडमध्ये साधी अट होती: ईएलई सापडला तर घे. सापडत होता, पण अट 'नाही' म्हणत होती. कारण एक्सएमएल वाचणाऱ्या पायथनच्या एलिमेंटट्रीत ज्या एलिमेंटच्या (टॅगच्या) पोटी दुसरा एलिमेंट नाही, तो अटीत 'खोटा' धरला जातो. मूलबाळ नाही म्हणजे खिजगणतीत नाही, हा न्याय फक्त लग्नकार्यातल्या मावश्यांकडे चालतो असा माझा समज होता. पायथन ३.१२ पासून निदान इशारा तरी येतो. माझं पायथन जुनं, ते आपलं गप्प. 'None, म्हणजे "काहीच सापडलं नाही", नसेल तर' अशी स्पष्ट अट घातली, तेव्हा उंच्या आल्या.

ग्राफच्या आधी उत्साहाने सर्वोच्च उंची काढून ग्रुपवर टाकली: ९९९.८ मीटर.

"अरे, कळसूबाई १६४६ आहे," अण्णांचं तत्काळ उत्तर. "९९९ असती तर माझे गुडघे कशाने दुखतायत?"

एक्सएमएलमधून आलेली प्रत्येक गोष्ट आधी मजकूर असते, मग आकडा. मजकूर म्हणून तुलना केली की पहिलं अक्षर बघतात: नऊ एकापेक्षा मोठा, खेळ खलास. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर पायथ्याच्या बारी गावाच्या थोडं वर येऊन थांबलं ते असं. आकड्यात रूपांतर केलं, शिखर जागेवर गेलं, ग्राफ गेला, अंगठे आले.

तेवढ्यात ग्रुपमधल्या एका ताईंनी त्यांच्या जुन्या यंत्रातली फाइल पाठवली. तोच डोंगर, तीच वाट, तोच कोड. रिकामी यादी. त्यांची फाइल जीपीएक्स १.० ची, अण्णांची १.१ ची. पत्त्यातला शेवटचा आकडा वेगळा, म्हणजे नेमस्पेस वेगळा, म्हणजे ओळखदेख नाही. आता मी नेमस्पेसच्या जागी सरळ चांदणी (*) टाकली: कुठल्याही घरचा टीआरकेपीटी चालेल. पायथन ३.८ पासून ही सोय आहे. शिस्तीच्या लोकांना ती आवडत नाही. त्यांनी एकदा अण्णांशी बोलून घ्यावं.

कारण अण्णांचा मेसेज आलाय: "हरिश्चंद्रगडाचा पण काढ ना. फक्त ती फाइल केएमएल आहे." केएमएल हाही एक्सएमएलचाच प्रकार, पण त्यात वाटेवरच्या बिंदूच्या उंचीला स्वतंत्र टॅगच नसतो. रेखांश, अक्षांश, उंची, सगळं स्वल्पविराम देऊन एकाच टॅगमध्ये कोंबलेलं. तेही रेखांश आधी. पाच मिनिटांचं काम.