खाण नंतर, आधी हवेतला ओलावा

फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात लिथियमचा 59 लाख टनांचा अनुमानित साठा जाहीर झाला, तेव्हापासून मायदेशातली बॅटरीची चर्चा खाणीभोवतीच घुटमळते. खनिज मिळालं की बॅटरी आपली, असा एकूण सूर. इकडच्या, म्हणजे परदेशातल्या, प्रयोगशाळांमध्ये मात्र लिथियम कुठून आणायचं यावर फारसं कुणी बोलत नाही. बोलणं चालतं ते पीएचचं (द्रावण किती आम्लधर्मी की अल्कधर्मी, याचं माप), भट्टीतल्या ऑक्सिजनचं आणि हवेतल्या ओलाव्याचं.

हिशेब साधा आहे. 1 अँपिअर-तासाला 0.26 ग्रॅम लिथियमची ये-जा लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल 3.2 व्होल्टचा, म्हणजे 1 किलोवॉट-तासाला सुमारे 312 अँपिअर-तास आणि 81 ग्रॅम लिथियम. प्रत्यक्षात थोडं अधिक. तेवढ्याच साठवणीला कॅथोडची (धन बाजूची) पूड दोन किलो आणि अॅनोडसाठी (ऋण बाजूसाठी) ग्राफाइट किलोभर लागतं. खरी विद्या त्या पुडीत आहे.

दुसऱ्या जातीचा, 80 टक्के निकेलचा कॅथोड घ्या. निकेल, मँगनीज आणि कोबाल्टच्या सल्फेटांचं द्रावण, कॉस्टिक सोडा आणि अमोनिया नायट्रोजनखाली सतत ढवळत एकत्र सोडायचे, पीएच 11 च्या आसपास धरून. पीएच वर सरकला की नवे कण भराभर जन्मतात आणि हव्या त्या दहा मायक्रॉनच्या गोळ्यांऐवजी बारीक भुगा मिळतो. मग ही पूड लिथियम हायड्रॉक्साइडमध्ये मिसळून, साध्या हवेत नव्हे तर ऑक्सिजनच्या प्रवाहात, साधारण 750 अंशांवर भाजायची. ऑक्सिजन कमी पडला तर काही निकेल तीनऐवजी दोन विद्युतभारांवरच अडकतं. त्याचा आकार लिथियमच्या जवळपास, त्यामुळे ते लिथियमच्या जागेवर जाऊन बसतं आणि वाट अडवतं. क्षमता तिथेच घसरते.

भट्टीत थोडं लिथियम उडून जातं, म्हणून ते जरा जास्तच घालतात. उरलेलं कणांच्या पृष्ठभागावर राहतं, ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि त्याचा अल्कधर्मी थर बनतो. अशी पूड पीव्हीडीएफ या बाइंडरसोबत (कणांना धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थासोबत) कालवली की बाइंडरची रासायनिक मोडतोड सुरू होते आणि लेप लावण्याआधीच स्लरीची, म्हणजे त्या पातळ काल्याची, जेली होते. पाण्याने धुतलं तर थर जातो, पण कणाच्या आतलंही थोडं लिथियम जातं. हा तिढा कुठल्याच खाणीने सुटणार नाही.

चर्चेचा दुसरा सूर चमत्कारांचा: ‘दहापट क्षमतेचा नवा पदार्थ’. अॅनोडसाठी ग्राफाइटऐवजी सुचवलेल्या सिलिकॉनची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे 3579 मिलीअँपिअर-तास, ग्राफाइटची 372. आकडे खरेच आहेत. पण पूर्ण चार्ज होताना सिलिकॉनचं आकारमान जवळपास चौपट होतं. कणांना तडे जातात, उघड्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटचा (सेलमधल्या द्रवाचा) नवा थर साचतो आणि चार्ज-डिस्चार्जच्या दर फेरीला थोडं लिथियम त्यात कायमचं गाडलं जातं. नाण्याएवढ्या चाचणी-सेलमध्ये हे दिसत नाही, कारण समोर लिथियम धातूची जाड चकती असते आणि ती तूट गुपचूप भरून काढते. अशा शोधनिबंधात मी आधी तीन गोष्टी शोधतो: चौरस सेंटिमीटरला पूड किती (2 मिलिग्रॅम की 20?), अँपिअर-तासाला इलेक्ट्रोलाइट किती ग्रॅम, आणि समोरचं लिथियम मोजकं होतं का. फुगवलेले निबंध इकडेही निघतात, त्यात इकडचं-तिकडचं असा फरक नाही.

मोजमापाची शिस्त मात्र इकडून घेण्यासारखी आहे. मोजकं लिथियम असलेल्या सेलमध्ये दर फेरीला 99.9 टक्के लिथियम परत मिळालं, तर 1000 फेऱ्यांनंतर 37 टक्केच उरतं, 99.99 मिळालं, तर 90. म्हणजे भांडण चौथ्या अंकाचं आहे. कॅनडात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने याच सूक्ष्म मोजणीसाठी खास यंत्रणा उभारली.

भारतात ज्ञानच नाही, हे इकडे बसून म्हणणं सोपं आणि चूक आहे. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने विकसित केलेलं लिथियम-आयन सेलचं तंत्रज्ञान इस्रोने 2018 मध्येच उद्योगांना देऊ केलं. मला अपुरी वाटते ती चिमूटभर पूड आणि कारखाना यांमधली पायरी: उणे 40 अंश दवबिंदूची (इतकी कोरडी की दव पडायला हवा तेवढी थंड करावी लागेल) खोली, लेपनयंत्र, निर्वात भट्टी आणि एकेक अँपिअर-तासाचे पाऊच सेल, म्हणजे चपट्या पाकिटातले सेल. कोरडेपणात तडजोड नको. इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षाराला पाणी लागलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, ते कॅथोडमधलं मँगनीज विरघळवतं आणि ते मँगनीज अॅनोडवर जाऊन घाण करतं.

आणि चाचणीयंत्रांच्या वाहिन्या (एकेक सेल जोडायच्या जागा) भरपूर हव्यात. तीन तास चार्ज, तीन तास डिस्चार्ज अशा 1000 फेऱ्यांना 250 दिवस लागतात, तेवढे दिवस एक सेल एक वाहिनी अडवून बसतो आणि एका मिश्रणाचे तीन तरी सेल लावावेच लागतात.