इतलं बारीक शे, मंग ते जास कोठे?

गेल्या आठवड्यात अमळनेर तालुक्यातील आमच्या शेतात कपाशीवर फवारणी चालू होती. सालदाराच्या पाठीवर पंप होता आणि तोंडाला नेहमीचा सुती रुमाल. पंपात ओतायची बाटली नॅनो झिंकची, म्हणजे जस्ताच्या अतिसूक्ष्म कणांच्या खताची होती. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, असे मी सांगताच त्याने अहिराणीत विचारले, “इतलं बारीक शे, मंग ते जास कोठे?” (इतके बारीक आहे, मग ते जाते कुठे?) मला उत्तर देता आले नाही, बाटलीवरही ते नव्हते.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग; माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो. कण 100 नॅनोमीटरच्या खाली उतरले की वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि ओळखीचा पदार्थही वेगळा वागू लागतो. विक्रेते हाच गुण म्हणून सांगतात. परंतु जो बारीकपणा पानात शिरायला उपयोगी पडतो, तो फुप्फुसाच्या दाराशी अडेल असे आपण कशाच्या भरवशावर धरून चालतो? जस्ताच्या धुरातील अतिसूक्ष्म कणांमुळे वेल्डिंग करणाऱ्यांना ताप भरतो, हे जुनेच ज्ञान आहे. लांब, ताठ कार्बन नॅनो नळ्यांनी उंदरांच्या पोटातील आवरणाला अ‍ॅस्बेस्टॉससारखी सूज आणल्याचे 2008 मध्ये दिसले, आणि 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या नळ्यांचा एक प्रकार कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात घातला.

अर्थात सगळे नॅनो एका माळेचे मणी नव्हेत. युरिया पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे 2021 मध्ये आलेल्या नॅनो युरियाबाबत मला भीतीपेक्षा हिशेबच छळतो (तेव्हाच्या अर्धा लिटर बाटलीत 4 टक्के म्हणजे 20 ग्रॅम नत्र, तर 45 किलोच्या गोणीत सुमारे 20 किलो). चांदी, जस्त यांचे तसे नाही. त्यांचे कण आणि त्यांतून सुटणारे आयन (विद्युतभारित अणू) पाण्यातील शेवाळाला व जिवाणूंना मारक ठरतात, आणि शेवाळावर जगणारे जीव त्यापुढे येतातच.

शेतीतील नॅनो उत्पादने कशी तपासावीत, याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने 2020 मध्ये काढली. ती फाइलीत ठीक आहेत; पण कणांचा आकार, त्यांवरील लेप आणि फवारताना कोणता मास्क लावावा, हे बाटलीवर ठळक मराठीत छापण्याची सक्ती व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या संध्याकाळी सालदाराने पंप बांधाजवळच्या नाल्यातच धुतला आणि मीही त्याला अडवले नाही. तो नाला बोरी नदीला मिळतो, बोरी तापीला.