पीएच आठ असला म्हणून मासे मरत नाहीत

सोलापुरात नवा फिश टँक घेतला की मोबाइलवर हा सल्ला कुणी ना कुणी पाठवतोच: "सोलापूरचं पाणी जड, पीएच आठ. माशांना सातच लागतो. लिंबू पिळा, तुरटी फिरवा, नाहीतर सरळ आरओचं पाणी भरा. पीएच सात आला की दुसऱ्या दिवशी मासे सोडा." पीएच म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा अंक: सात मधला, त्याखाली पाणी आंबट.

आमच्या गल्लीतल्या नववीतल्या मुलाने तो अक्षरशः पाळला. आरओचं पाणी भरलं, सहा मॉली सोडल्या. पाचव्या दिवशी एकही उरली नव्हती. "काका, पीएच सात बघूनच सोडल्या होत्या," एवढंच तो म्हणत होता. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चूक सल्ल्यात आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येक वाक्यात आहे.

पहिलं वाक्य: माशांना सातच लागतो. कोणत्या माशांना? मॉली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मूळचे क्षार असलेल्या पाण्यातले मासे. गोल्डफिश आठला मजेत राहतो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांना तर 7.8 ते 8.6 पीएच लागतो. निऑन टेट्रा, डिस्कस ही मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातली जात, पण नवशिक्याने डिस्कसपासून सुरुवात करूच नये. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही 6.5 ते 8.5 पीएच चालतो. म्हणजे आठ हा काही आजार नाही. मासा त्याच्या मर्यादेतल्या स्थिर पीएचला हळूहळू सरावतो. त्याला सोसत नाही तो झटका. शेतकरी ज्याला सामू म्हणतात तोच हा पीएच, आणि त्यात एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक.

खरी अडचण अशी की ह्या सल्ल्यात केएच हा शब्दच नाही. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचं माप म्हणजे केएच. एक अंश म्हणजे, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, लिटरमागे साधारण 17.9 मिलिग्रॅम. ही पाण्याची गंगाजळी समजा. माशांच्या विष्ठेतून, कुजलेल्या खाद्यातून टँकमध्ये रोज आम्ल तयार होतं आणि ते ह्या गंगाजळीतून भागवलं जातं. ती शिल्लक आहे तोवर पीएच हलत नाही. संपली की तो एका रात्रीत कोसळतो. माझ्याकडे साठवलेल्या नळाच्या पाण्याचा केएच नऊच्या आसपास येतो. ज्याला लोक जड पाणी म्हणून नावं ठेवतात, तेच माझे मासे सांभाळतं.

आता लिंबू. पिळल्याबरोबर पीएच उतरतो, हे खरं. आम्ल आणि बायकार्बोनेट मिळून कार्बन डायऑक्साइड होतो. एअर पंप चालू असला की तो रातोरात उडून जातो आणि सकाळी पीएच पुन्हा वर. मग परत लिंबू. मासे मात्र रोज हा झोका सोसतात. शिवाय सायट्रिक आम्ल म्हणजे जिवाणूंना मेजवानी. पाणी दुधाळ होतं, त्यातला ऑक्सिजन घटतो, आणि सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात तापलेल्या पाण्यात तो मुळातच कमी असतो.

तुरटी त्याहून वाईट. माठातला गाळ बसवायला ती ठीक, पण ती बायकार्बोनेट खाऊनच काम करते, आणि ते परत येत नाही. वर पाणी आम्लधर्मी झालं की त्यातलं अॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना बाधतं.

आरओचं पाणी. त्या मुलाच्या टँकमधल्या पाण्यात मी केएचच्या किटचा (रंग बदलायला जितके थेंब, तितका केएच) पहिलाच थेंब टाकला आणि रंग बदलला. म्हणजे गंगाजळी जवळजवळ रिकामी. पीएच सहाच्या खाली गेला होता. ज्या मॉलीला क्षार हवेत, तिला क्षार नसलेलं, रोज आंबट होत जाणारं पाणी मिळालं. पहिल्या दिवशीच्या सातला काहीच अर्थ नव्हता, कारण तो धरून ठेवायला पाण्यात काही नव्हतंच. आरओ वापरायचाच तर नळाच्या पाण्यात मिसळा: केएच दहाच्या पाण्यात तेवढंच आरओ घातलं की पाच होतो, आणि तेवढा बहुतेक माशांना पुरतो. केएच फारच खाली गेला तर 100 लिटरला 3 ग्रॅम खाण्याचा सोडा एक अंश वाढवतो. तो आधी मगभर पाण्यात विरघळवा आणि एका दिवसात एका अंशापेक्षा जास्त चढवू नका.

इथेच फरशीचंही सांगतो. सोलापुरात कित्येक जण टँकमध्ये गुहा करायला शहाबादीचे तुकडे ठेवतात. शहाबादी म्हणजे चुनखडी. ती हळूहळू विरघळत केएच वाढवत राहते. खाली शहाबादी आणि वर लिंबू म्हणजे एका हाताने भरायचं, दुसऱ्याने सांडायचं. दगडावर व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे आले तर चुनखडी. आपला काळा दगड फसफसत नाही, तो बिनधास्त ठेवा.

शेवटचं, आणि सगळ्यांत घातक वाक्य: दुसऱ्या दिवशी मासे सोडा. पीएच जास्त असेल तर मासे मरतात, ह्या समजात खरं आहे ते एवढंच. मासे अमोनिया सोडतात. 25 अंश तापमानाला पीएच सात असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. आठला पाच टक्क्यांच्या वर, आणि पाणी तापलं की आणखी. पण उपाय पीएच पाडणं नाही, अमोनिया उरू न देणं. ते काम फिल्टरमधले जिवाणू करतात आणि त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (अमोनियातला नायट्रोजन) पचवताना ते सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे तीच गंगाजळी, वापरतात, म्हणजे त्यांनाही केएच हवाच. सहाच्या आसपास पीएचला त्यांचं काम जवळजवळ थांबतं.

आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे घरात साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन बहुधा उडालेलं असतं. नळ सुटल्या दिवशीचं ताजं पाणी मात्र सरळ टँकमध्ये ओतू नका. क्लोरीन ह्या जिवाणूंनाच मारतं. एअर पंप लावून ते 24 तास ठेवा, मगच पीएच मोजा. सिमेंटचा हौद नवा असेल तर त्यातलं पाणी वेगळं मोजा, नव्या सिमेंटने पीएच बराच चढतो. उन्हाळ्यात नुसती भर घालत राहू नका: वाफ होते पाण्याची, क्षार मागेच राहतात. दर आठवड्याला पाव टँक पाणी काढून नवं घाला.

त्या मुलाचा टँक आता नळाच्या पाण्याने भरलाय. मासे नाहीत, फिल्टर चालू आहे, जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून तो रोज चिमूटभर खाद्य टाकतो आणि वहीत अमोनिया, नायट्राइट (जिवाणू अमोनियाचं आधी हेच करतात, तेही विषारी), केएच लिहितो. तिसरा आठवडा संपला. अमोनिया शून्यावर आलाय, नायट्राइट अजून आहे, पीएच आठ. दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसले की दोनच मॉली आणायच्या, असं आमचं ठरलंय.