भ्रम आपला, भुर्दंड दुसऱ्यांना

एखादा आवडता खेळाडू मनातून उतरला, किंवा फोटोत पाहून पाहून वेड लावलेली एखादी जागा प्रत्यक्षात वेगळीच निघाली, की आपण हळहळतो ते स्वतःसाठी. ‘हाही तसलाच निघाला!’ असं म्हणताना आपल्याला वाटतं, फसलो ते आपण, नुकसान झालं ते आपलं. गेल्या काही वर्षांत या विषयावर जे वाचलं आणि जे डोळ्यांनी पाहिलं, त्यातून माझं मत पक्कं होत गेलंय की यात आपलं नुकसान सगळ्यात कमी असतं. आपण टाळ्या वाजवत होतो तेव्हाच त्या भ्रमाची किंमत दुसरं कुणीतरी मोजत होतं. त्याचं नावही बहुतेक वेळा आपल्या कानावर आलेलं नसतं. पोस्ट लांबणार आहे, पण हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही.

लान्स आर्मस्ट्राँगपासून सुरुवात करतो. 1996 मध्ये त्याला कॅन्सर झाला, तो फुफ्फुसं आणि मेंदूपर्यंत पसरलेला होता. त्यातून उठून हा माणूस 1999 मध्ये टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकला आणि 2005 पर्यंत ओळीनं सात वेळा जिंकत राहिला. सायकल शर्यतीतलं ओ की ठो न कळणाऱ्या लोकांच्या मनगटावरही त्याच्या संस्थेचे ते पिवळे रबरी पट्टे दिसायचे. 2004 मध्ये निघालेले ते पट्टे कोट्यवधींनी खपले. केमोथेरपी घेणारी माणसं तो पट्टा घालून दवाखान्यात जायची, आणि त्यांना त्यातून जे बळ मिळालं ते खरंच होतं, त्यात खोट काढायची माझी मुळीच इच्छा नाही.

ऑक्टोबर 2012 मध्ये अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेचा सविस्तर अहवाल आला, सातही जेतेपदं काढून घेतली गेली आणि जानेवारी 2013 मध्ये त्यानं टीव्हीवर कबुली दिली. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं ईपीओ, स्वतःचंच साठवून ठेवलेलं रक्त पुन्हा चढवणं, टेस्टोस्टेरॉन, सगळं. एवढं बहुतेकांना माहीत आहे. एमा ओ’रायली किती जणांना माहीत आहे?

एमा आर्मस्ट्राँगच्या संघाची मसाज करणारी. शर्यत संपली की खेळाडूंचे पाय चोळणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, कपडे, खाणं, सगळं तिच्याकडे. खेळाडूच्या शरीराला रोज हात लावणारी ही व्यक्ती, तिच्यापासून काय लपणार? 1999 च्या शर्यतीआधी दंडावरची सुईची खूण झाकायला आर्मस्ट्राँगनं तिच्याकडे मेकअप मागितला. त्याच शर्यतीत त्याच्या नमुन्यात कॉर्टिसोन सापडलं, तेव्हा सायकलच्या सीटमुळे झालेल्या जखमेवरच्या मलमाचं कारण पुढे करून मागच्या तारखेची चिठ्ठी बनवली गेली. हे सगळं तिनं 2004 च्या आधीच एका पत्रकाराला नावानिशी सांगितलं होतं. बदल्यात तिला कोर्टाची नोटीस आली, आणि जगभर डोक्यावर घेतलेल्या माणसानं तिला दारुडी आणि वेश्या ठरवलं. सहकाऱ्याची पत्नी बेट्सी अँड्र्यू खरं बोलली, तिचीही तीच गत. त्या टीव्ही मुलाखतीत एमावर खटला भरला होता का असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला की इतक्या जणांवर खटले भरले की नक्की सांगता येत नाही, भरलाच असेल.

त्याच्या औषधांपेक्षा मला या उत्तराची चीड जास्त येते. त्या काळात सायकलपटूंनी औषधं घेणं ही अपवादाची गोष्ट नव्हती, हे त्याच अहवालातून आणि नंतरच्या अनेक कबुल्यांतून दिसतं. पण एका बाईचं जगणं मुश्किल करून टाकायचं आणि ते लक्षातही ठेवायचं नाही, यासाठी फार मोठी ताकद लागते. ती ताकद त्याला कुठून मिळाली? आपल्या टाळ्यांमधून, त्या पिवळ्या पट्ट्यांमधून. कॅन्सरवर मात केलेल्या माणसावर संशय घेणारा म्हणजे काळजाचा कोता, हे लोकांनी आधीच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे एमाचं ऐकायला कुणी उभंच राहिलं नाही.

‘खेळ वेगळा, माणूस वेगळा’ असं म्हणणारे माझे बरेच मित्र आहेत. त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. आंद्रे आगासीनं 2009 मध्ये स्वतःहून सांगून टाकलं की टेनिसचा त्याला तिटकारा होता, ते प्रसिद्ध लांब केस म्हणजे टोप होता, आणि 1990 च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात त्याचं अर्धं लक्ष तो टोप पडू नये याकडे होतं. 1997 मध्ये अमली पदार्थाच्या चाचणीत अडकल्यावर आपण खोटं बोलून सुटलो, हेही त्यानंच सांगितलं. तेही खोटंच, पण ते सांगण्यासाठी त्यानं दुसऱ्या कुणाला चिरडलं नव्हतं. हे कळल्यावर त्याचे सर्व्हिस परतवणारे फटके मला आणखी आवडायला लागले. माणूस घाबरट असू शकतो, कमकुवत असू शकतो, त्याला घरचं काही धड जमत नसेल, तो त्याचा प्रश्न. माझा हिशोब तिथं सुरू होतो जिथं प्रसिद्धीचाच दंडुका करून दुसऱ्याला गप्प बसवलं जातं.

आता दिमाखदार जागांकडे वळतो, कारण हे दोन विषय माझ्या डोक्यात एकमेकांपासून सुटे होतच नाहीत. बोरिस बेकरचंच बघा. 1985 मध्ये सतरा वर्षांचा, मानांकनही नसलेला मुलगा विम्बल्डन जिंकला. नेटजवळ अंग झोकून देऊन गवतावर पडणारा तो लालसर केसांचा पोरगा ज्यांनी पाहिलाय ते विसरूच शकत नाहीत. पुढे त्यानं घर मोनाकोत असल्याचं कागदावर दाखवलं आणि राहत होता म्युनिकमध्ये. 2002 मध्ये करचुकवेगिरीबद्दल जर्मन कोर्टानं त्याला दोन वर्षांची स्थगित शिक्षा दिली. 2017 मध्ये दिवाळखोर ठरल्यावर मालमत्ता लपवली म्हणून 2022 मध्ये लंडनच्या कोर्टानं अडीच वर्षांची शिक्षा सुनावली, आणि सुरुवातीला त्याला ठेवलं ते वँड्सवर्थच्या तुरुंगात. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टपासून ते फार लांब नाही.

मोनाकोच का? तर तिथं (फ्रेंच नागरिक सोडले तर) रहिवाशांना प्राप्तिकर नाही, 1869 पासून. टेनिसपटू, फॉर्म्युला वनचे चालक, फुटबॉलपटू तिथं घर करतात ते समुद्र निळा आहे म्हणून असं मुलाखतीत सांगतात. समुद्र निळा आहेच. देश सगळा मिळून दोन चौरस किलोमीटरच्या जरा वर, आणि रोज फ्रान्स-इटलीतून कामाला येणारी माणसं तिथल्या रहिवाशांपेक्षा जास्त. सकाळी नीसकडून आणि व्हेंतिमिल्याकडून भरून येणाऱ्या गाड्या डोंगराच्या पोटातल्या स्टेशनात रिकाम्या होतात. स्वयंपाकी, सफाई कामगार, दुकानातल्या मुली, बांधकामावरचे लोक. संध्याकाळी तेच सगळे परत. ज्या शहराला ते चकचकीत ठेवतात तिथं भाड्यानं राहणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. बंदरातल्या यॉटच्या फोटोत ही गर्दी कधी येत नाही.

दुबईच्या पाम जुमेराहबद्दल, म्हणजे समुद्रात भर टाकून खजुराच्या झाडाच्या आकारात बांधलेल्या बेटाबद्दल, थोडंच सांगतो. ते खजुराचं झाड आकाशातूनच दिसतं. जमिनीवरून चालताना दिसतात उंच इमारतींच्या भिंती, गाड्यांची रांग आणि फांद्यांकडे जाणारी पहारेकऱ्यांची फाटकं. बाहेरच्या अर्धगोल बांधामुळे आतलं पाणी साचून राहील म्हणून त्या बांधात नंतर खिंडी पाडाव्या लागल्या. शेजारीच 2003 मध्ये जाहीर झालेली, जगाच्या नकाशाच्या आकाराची सुमारे तीनशे बेटं आहेत, त्यातली बहुतेक अजून नुसते वाळूचे ढीग आहेत. जागा फोटोसाठी बांधली आणि मग माणसांना सांगितलं की तिथं राहायला या, असंच ते पाहताना वाटत राहतं.

मालदीवबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचंय, कारण ते मी जवळून पाहिलंय. एक बेट, एक रिसॉर्ट, ही तिथली जुनी पद्धत. पहिलं रिसॉर्ट 1972 चं. पाण्यावरच्या खोल्या, पारदर्शक निळं पाणी, पांढरी वाळू, सगळं फोटोसारखंच आहे, मी खोटं बोलणार नाही. पण एका पहाटे झोप लागेना म्हणून बाहेर पडलो तर किनाऱ्यावर एक मुलगा लांब दांड्याचा दाताळा घेऊन वाळू ओढत होता. आदल्या दिवशीच्या पाहुण्यांची पावलं, वाहून आलेलं शेवाळ, प्लॅस्टिकचे तुकडे, सगळं काढून वाळू अशी करायची की इथं कधी कुणी आलंच नव्हतं. पाहुणे उठायच्या आत हे काम संपवावं लागतं, असं तो म्हणाला. तो बांगलादेशचा. घरी जाऊन बरेच महिने झाले होते, धाकट्या बहिणीचं लग्न त्यानं फोनवर पाहिलं होतं. आम्ही मोडक्यातोडक्या हिंदीत बोललो आणि सूर्य वर आला तसा तो घाईनं निघाला, कारण पाहुण्यांशी बोलत उभं राहिलेलं चालत नाही.

तो गेला त्या दिशेला मी नंतर गेलो. बेटाच्या मधोमध दाट झाडीची भिंत राखलेली असते. तिच्या पलीकडे जनरेटरची धडधड, समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारी यंत्रं, कचऱ्याच्या थैल्या, आणि कामगारांच्या खोल्यांची रांग. दोरीवर एकसारखे गणवेश वाळत होते. समुद्र हाकेवर असूनही तिथं वाऱ्याची झुळूक नव्हती, कारण वारा येणारी प्रत्येक जागा पाहुण्यांसाठी. त्या देशाचा कचरा जातो तिलाफुशीला, राजधानी मालेजवळच्या एका उथळ जागी 1990 च्या दशकात कचऱ्याची भर टाकून उभ्या केलेल्या बेटावर. तिथला धूर कित्येक वर्षं मालेतल्या लोकांच्या छातीत गेला. शिवाय स्थानिक लोकांच्या वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस काढायला 2009 च्या सुमारास कुठं परवानगी मिळाली. तोवर आपल्याच देशाचा सगळ्यात मोठा धंदा त्यांनी लांबून बघायचा.

यावर लोक म्हणतात, ‘मग काय, कुठं जायचंच नाही? आनंद घ्यायचाच नाही?’ असं मी म्हणतच नाही. त्या मुलाचा पगार पाहुणे येतात म्हणूनच होतो, आणि हे त्यानंच मला सांगितलं. माझं म्हणणं इतकंच की झाडीच्या त्या भिंतीमागे काय आहे हे विचारायला आपल्याला संकोच का वाटावा? खोली किती तारांकित आहे हे तपासताना आपण शंभर परीक्षणं वाचतो. त्यात कामगारांचा पासपोर्ट त्यांच्याकडे असतो की मालकाकडे हे विचारणारं एकही नसतं.

पासपोर्टचा विषय आलाच आहे तर कतार. 18 डिसेंबर 2022, लुसैल स्टेडियम, फुटबॉल विश्वचषकाचा माझ्या पाहण्यातला सर्वांत थरारक अंतिम सामना. 3-3 बरोबरी, पेनल्टी, एम्बापेचे तीन गोल, आणि शेवटी मेस्सीच्या हातात चषक. मी त्या रात्री आनंदानं रडलो, आजही तो सामना तेवढाच आवडतो. पण ते स्टेडियम आणि त्याभोवतीचं शहर उभारणारे नेपाळ, बांगलादेश, भारतातले मजूर ‘कफाला’खाली काम करत आले होते, म्हणजे कामगाराचं देशातलं राहणंच मालकाच्या हातात. नोकरी बदलायला मालकाची परवानगी लागणार नाही, हा बदल आला 2020 मध्ये, तेव्हा बहुतेक बांधकाम उरकत आलं होतं. स्पर्धा चालू असतानाच आयोजन समितीच्या सरचिटणीसांनी मुलाखतीत मृत कामगारांचा आकडा 400 ते 500 च्या दरम्यान सांगितला. नंतर समितीनं खुलासा केला की तो आकडा 2014 ते 2020 मधला, देशातल्या सगळ्या क्षेत्रांतला आहे. खुलासा मान्य केला तरी इतकी माणसं गेली, आणि त्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येत नाही. गोल करणाऱ्यांची नावं मिनिटांसकट पाठ आहेत.

शेवटी हॅन्सी क्रोनिए, कारण आपल्या पिढीच्या कितीतरी क्रिकेटवेड्यांचा विश्वास पहिल्यांदा तिथं तुटला. एप्रिल 2000. दक्षिण आफ्रिकेचा शिस्तीचा, देवभोळा, सरळ नजरेचा कर्णधार, आणि दिल्ली पोलिसांनी त्याचे सट्टेबाजाशी झालेले फोनवरचे संवाद बाहेर काढले. पुढे या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या किंग आयोगासमोर कायकाय आलं. सेंच्युरियनच्या कसोटीत डाव सोडून देण्याच्या बदल्यात रोख सुमारे 50 हजार रँड आणि एक लेदर जॅकेट, हे ऐकून सगळे थिजले होते. पण मला सलतो तो नागपूरचा एकदिवसीय सामना. खराब खेळण्यासाठी त्यानं हर्शेल गिब्ज आणि हेन्री विल्यम्स या दोघांना प्रत्येकी 15 हजार डॉलर देऊ केले. त्या सामन्यासाठी संघातले मोठे गोरे खेळाडू सोडून तो या दोन गौरेतर खेळाडूंकडे गेला. विल्यम्स तर नुकताच संघात आलेला, जागा पक्की नसलेला. कर्णधार समोर उभा राहून विचारतोय म्हटल्यावर असा खेळाडू काय बोलणार? दोघांनी हो म्हटलं. प्रत्यक्षात गिब्जनं 74 धावा ठोकल्या आणि विल्यम्स खांदा दुखावून दोन षटकं पूर्ण व्हायच्या आतच बाहेर गेला. ठरल्याप्रमाणे काहीच झालं नाही, तरी दोघांवर सहा महिन्यांची बंदी आली.

क्रोनिएवर आजीवन बंदी आली आणि जून 2002 मध्ये विमान अपघातात तो गेला. मृत्यूबद्दल मला मनापासून वाईट वाटलं होतं. 2004 मध्ये दक्षिण आफ्रिकेत देशातल्या सर्वांत थोर व्यक्ती निवडायला टीव्हीवर जनमत घेतलं, त्यात लोकांनी त्याला अकरावा क्रमांक दिला. गिब्ज परत आला आणि अनेक वर्षं खेळला. हेन्री विल्यम्स देशासाठी पुन्हा एकही सामना खेळला नाही.