सावज व्हायचंय? कागदपत्रं तयार ठेवा

बारावी झाली, सीईटी झाली, कॅपच्या फेऱ्यांतून तावून सुलाखून पुण्यातलं कॉलेज लागलं. अभिनंदन! आता दुसरी प्रवेशप्रक्रिया सुरू होईल: ठगांचं सावज होण्याची. तिची माहितीपुस्तिका कुणी छापत नाही, म्हणून हा प्रपंच. इथे मेरिट लिस्ट नाही, डोमिसाइल लागत नाही, नॉन-क्रीमीलेअरसाठी तहसीलच्या खेपा नाहीत. लातूरचा असो की लांज्याचा, संधी सगळ्यांना सारखी. पात्रतेच्या अटी दोनच: घाई हवी आणि कुणाला विचारायची लाज वाटायला हवी. बाकीचं समोरची मंडळी बघून घेतात. फार कष्टाळू असतात ती.

सुरुवात खोलीपासून करू. खोली कधीही गावाहून, फोटो बघून पक्की करावी. सदाशिव पेठ, कॉलेज चालत पाच मिनिटांवर, दोघांत एक रूम, अटॅच बाथरूम, वायफाय, भाडं साडेतीन हजार. शेजारच्या गल्लीत या भावात चौघांत एक कॉटसुद्धा मिळत नाही, असले हिशेब करत बसू नये. मालक नेमका परगावी असतो, किल्ली एजंटकडे असते आणि ‘आज सकाळपासून तिघं बघून गेलेत, टोकन टाका म्हणजे लॉक करतो’ हे वाक्य तर असतंच असतं. टाकून द्या. काही खवट पालक व्हिडिओ कॉलवर खिडकीतून खालचा रस्ता दाखवायला लावतात, त्या पत्त्याचं वीजबिल मागतात, गावचा कुणी पुण्यात असेल तर त्याला आधी पाठवतात. अशांना एजंट तिथल्या तिथे ब्लॉक करतो आणि एवढी छान खोली हातची जाते.

भाडेकराराचं म्हणाल, तर स्टॅम्पपेपरवर नोटरीचा गोल शिक्का दिसला की समाधान मानावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो ११ महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारीही घरमालकावर आहे. ही नोंदणी आता ऑनलाइन होते. माणूस घरी येऊन दोन्ही पार्ट्यांचे आधार आणि अंगठे घेतो. इथेच खरी गोम आहे, कारण मालक म्हणवणाऱ्यालाही अंगठा द्यावा लागतो. जो मालक नाही त्याला हे कसं परवडणार? त्याला अडचणीत आणू नका. आणि हो, करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं असंही त्याच कलमात आहे. हे घरमालकांपुढे बोलू नये, पाणी दिवसातून एकदाच यायला लागतं. राहायला गेल्या दिवशी भिंतींचे, नळांचे, गिझरचे फोटो काढणं हाही चिकटपणा समजावा. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचे असतात, फोटो असले की तो सोहळा नीट पार पडत नाही.

कोर्स संपताना सायकल किंवा स्टडी टेबल विकायची वेळ येते. ऑनलाइन जाहिरात टाकल्यावर दहा मिनिटांत फोन आला आणि समोरच्याने एक रुपयाचीही घासाघीस केली नाही, तर ओळखा, गाठ सज्जनाशी आहे. पुण्यात सायकलीची किंमत न पाडता कोण घेतं? हे गृहस्थ बहुधा ‘आर्मीत’ असतात, नुकतीच पोस्टिंग झालेली असते, विश्वासासाठी ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो स्वतःहून पाठवतात. सायकल बघायला येत नाहीत, गाडी पाठवणार असतात. आधी खात्यात पाच रुपये टाकून दाखवतात. मग येतो क्यूआर कोड: ‘स्कॅन करा, साडेतीन हजार जमा होतील.’ स्कॅन केल्यावर स्क्रीनवर एका अनोळखी नावापुढे रक्कम दिसते, खाली ‘पे’ असं बटण असतं आणि ते दाबलं की पिन मागितला जातो. या तिन्ही ठिकाणी डोळे मिटावेत. पैसे घेण्यासाठी ना स्कॅन करावं लागतं, ना पिन टाकावा लागतो. पिन म्हणजे स्वतःच्या खात्यातून पैसे काढायला दिलेली सही. पण समोरचा ‘मिलिटरी अकाउंट का प्रोसेस अलग होता है’ म्हणतोय ना, मग झालं. आपण काय त्याच्यापेक्षा जास्त देशभक्त आहोत? पूर्वी कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे यूपीआयवरून पैशांची मागणी, पाठवूनही हे काम व्हायचं. व्यक्तीने व्यक्तीला अशी रिक्वेस्ट पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे क्यूआरवर भार वाढला आहे.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे चुकून आलेले पैसे. तुमच्या खात्यात अमुक जमा, असा एसएमएस येतो, लगोलग रडवेला फोन येतो: दवाखान्याचे पैसे होते, चुकून तुमच्या नंबरवर गेले. एसएमएस बँकेकडून आलाय की साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून, हे बघू नये. बँकेचं अ‍ॅप उघडून बॅलन्स तपासणं तर माणुसकीला सोडून आहे.

आता कमाई. कमवा आणि शिका योजनेत ग्रंथालयात पुस्तकं लावून तासाला मिळणारे पैसे मोजण्यापेक्षा टेलिग्रामवर या. काम सोपं: हॉटेलांना पाच तारे द्यायचे, एका रिव्ह्यूला पन्नास रुपये. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरोखर येतात. एवढी गुंतवणूक समोरच्याने केल्यावर तुम्हीही करायला नको? दुसऱ्या दिवशी ‘प्रीपेड टास्क’: हजार भरा, तेराशे घ्या. मिळतात. मग पाच हजार, मग अठरा. ग्रुपमध्ये बाकीचे सभासद तासातासाला बँकेचे स्क्रीनशॉट टाकत असतात, सगळे एकाच टोळीचे. त्या ग्रुपात बाहेरचे असे तुम्ही एकटेच. डॅशबोर्डवर तुमच्या नावापुढे ८४ हजार दिसतात. काढायला गेलात की ‘टास्क चुकला, क्रेडिट स्कोअर घसरला, तीस टक्के कर भरा’. आकडा खरा असता तर कर त्यातूनच कापता आला असता, हा प्रश्न कॉमर्सच्या मुलांनासुद्धा पडत नाही. तुम्हीही पडू देऊ नका.

डेटा एंट्रीचं काम त्यापेक्षा प्रतिष्ठेचं. घरबसल्या पाचशे फॉर्म भरायचे, अचूकता ९५ टक्के हवी, ऑनलाइन करारावर सही करायची. सहाव्या दिवशी ‘अचूकता कमी पडली, करारभंग झाला’ म्हणून वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस येते. साडेसहा हजार भरा नाहीतर कोर्टात या. पीडीएफच्या खाली अशोकस्तंभ चिकटवलेला असतो. खासगी वकिलाच्या कागदावर अशोकस्तंभ काय करतोय, असं विधी शाखेतल्या मित्राला विचारू नका, त्याचा अभ्यास मोडतो. इंटर्नशिपमध्ये तर काहीच कटकट नाही: मुलाखत नाही, ऑफर लेटर जीमेलवरून, फक्त ‘रिफंडेबल’ नोंदणी शुल्क १,९९९.

पण या सगळ्या किरकोळ वाटा. ज्याला पुरतं अडकायचंय त्याने बँक खातं भाड्याने द्यावं.

ही ऑफर अनोळखी माणसाकडून येत नाही, हे तिचं वैशिष्ट्य. मेसमध्ये शेजारी बसणारा, सीनियर, एखाद्या वेळी गाववालाच असतो. ‘गेमिंगचा धंदा आहे, टॅक्सचा लफडा नको म्हणून वेगवेगळी खाती लागतात. तुझं खातं असंही रिकामंच असतं. महिन्याला पाच हजार.’ त्यांना पूर्ण किट लागतं: पासबुक, चेकबुक, डेबिट कार्ड, नेटबँकिंगचा पासवर्ड आणि खात्याला जोडलेलं सिमकार्ड. सिम कशाला, असं विचारू नये. ओटीपी त्याच्यावर येतो, आणि तो तुम्हाला येऊन झोपमोड व्हावी असं त्यांना वाटत नाही. खातं नसेल तर ते तुम्हाला बँकेत घेऊन जातात, फॉर्म भरून देतात, चहा पाजतात. कॉलेजचं ओळखपत्र असलं की बँकवाले फार प्रश्न विचारत नाहीत.

मग एके दुपारी दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांचे चार लाख तुमच्या खात्यात येतात आणि थोड्याच वेळात दहा खात्यांत फुटून एटीएममधून किंवा क्रिप्टोतून बाहेर पडतात. मास्तर तक्रार करतात. पैशांचा माग काढताना तपासवाल्यांना पहिल्या पायरीवर जे नाव सापडतं ते तुमचं असतं. आधार, पॅन, हसरा फोटो, सगळं जागच्या जागी. टोळीचा माणूस कुठल्याच कागदावर नाही, पाच हजार तर त्याने रोखीत दिलेले. खातं गोठतं. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यात येते, ते हेच खातं असेल तर तीही अडकते. पुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली त्या राज्यातल्या पोलीस ठाण्यात हजर राहण्याची नोटीस येते, बहुधा सबमिशनच्या आठवड्यात. मला काही माहीत नव्हतं, हे तिथल्या भाषेत कसं म्हणायचं ते आत्ताच शिकून ठेवावं. खातं गोठवणारं पोलीस ठाणं एका टोकाला, बँकेची शाखा दुसऱ्या टोकाला आणि मध्ये रेल्वेचं वेटिंग तिकीट: पाच हजारांत एवढा भारतभ्रमणाचा योग दुसरीकडे येत नाही.

खातं द्यायचं धाडस नसेल तर छोटं व्हर्जनही आहे. एटीएमबाहेर कुणीतरी म्हणतो, ‘भाऊ, माझी लिमिट संपली, तुला दहा हजार यूपीआय करतो, तेवढी कॅश दे ना.’ द्या. आलेले दहा हजार कुणाच्या तक्रारीतले निघतात ते नंतर कळतं, कॅश मात्र लगेच पसार होते.

कागदपत्रांबाबत उदार राहा. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह विसरा, आधारची पूर्ण प्रत सही करून कुणालाही द्या. तिच्यावर ‘फक्त भाडेकरारासाठी’ आणि तारीख लिहिणं, पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार वापरणं, आधारचं बायोमेट्रिक लॉक करणं, हे संशयी लोकांचे उद्योग. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. बघूच नका, आपल्या नावाने कुणाचा तरी संसार चालतोय यातच आनंद मानावा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘वाहन चलान’ किंवा ‘लग्नाची पत्रिका’ अशी फाइल आली आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलं, म्हणजे ती पत्रिका नसून अ‍ॅप असलं, तर बिनधास्त इन्स्टॉल करून एसएमएस वाचायची परवानगी द्यावी. पत्रिकेला ओटीपी कशाला वाचायचे असतात, हे नवरा-नवरीचं ते बघतील.

डिजिटल अटकेचा योग मात्र सगळ्यांच्या नशिबात नसतो. तुमच्या नावाचं पार्सल कस्टमने पकडलंय, आत पासपोर्ट आणि ड्रग्ज आहेत. मग व्हिडिओ कॉलवर वर्दी, मागे झेंडा, टेबलावर फायली. कॅमेरा चालू ठेवा, दार लावून घ्या, रूममेटला सांगू नका, पैसे ‘तपासणीसाठी’ अमुक खात्यात टाका. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये तसं सांगितलं होतं. तरी दार उघडू नये, कारण बाहेर रूममेट उभा असतो आणि तो ‘कट कर रे’ एवढंच म्हणतो. सारी मेहनत एका वाक्यात वाया. अनोळखी व्हिडिओ कॉलवरची मुलगी आणि तिच्यामागोमाग ‘व्हिडिओ अपलोड करू का’ म्हणणारा इन्स्पेक्टर, हाही याच कुळातला. त्याला एकदा पैसे दिलेत की तो पुन्हा मागतो. न दिल्यास बहुधा पुढचं गिऱ्हाईक गाठतो.

एवढं सगळं यथासांग पार पडल्यावर शेवटची पायरी चुकवू नका: गप्प बसा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावणं, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवणं, बँकेला लगेच कळवणं, यातलं काहीही पहिल्या एक-दोन तासांत करू नये. पैसे अजून कुठल्यातरी खात्यात पडून असतात आणि ते तिथेच अडवले जाण्याचा धोका असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, तुमच्या चुकीने पैसे गेले असले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं आहे, तेव्हा कळवून बँकेला संकटात का टाका? लाज वाटतेच आहे, तर चॅट डिलीट करा, कॉल लॉग पुसा, यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक लिहून ठेवू नका. तक्रारीत सगळ्यांत आधी तोच विचारतात. घरी म्हणावं, फोन पडला, दुरुस्तीला पैसे लागले.

मग रात्री दोन वाजता सर्चमध्ये ‘गेलेले पैसे परत’ असं टाका. सायबर सेलचा लोगो लावलेलं एक प्रोफाइल सापडेल, साहेब लगेच उत्तर देतात, रात्रीसुद्धा. तुमचे पैसे ट्रेस झालेत, फक्त फाइल उघडायला प्रोसेसिंग फी २,४९९. क्यूआर पाठवतायत.