‘डीसीला कुठलीही वायर चालते’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या पॅनेलवाल्यांमध्ये (कारखान्यांचे इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्यांमध्ये) एक मेसेज फिरतोय: “डीसीला व्होल्टेज बघू नका, अँपिअर बघा. ४१५ च्या रेक्टिफायरमधून ४१५ च डीसी येतं. २४ व्होल्टला तर काहीच बघायला नको.” (रेक्टिफायर म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग.) तिन्ही वाक्यं पॅनेल जाळू शकतात, म्हणून एकेक घेऊ.

“अँपिअर बघा.” अँपिअरवरून तांब्याची जाडी ठरते. व्होल्टेज अडवायचं काम इन्सुलेशनचं. वायर कितीही जाड घेतली तरी तिचा व्होल्टेज ग्रेड वाढत नाही.

“४१५ चं ४१५.” साफ चूक, आणि सगळ्यात महाग पडणारी. थ्री-फेज ब्रिजमधून (तीन फेजच्या रेक्टिफायरमधून) सरासरी १.३५ पट, म्हणजे ५६० व्होल्ट डीसी मिळतं. लोड नसताना ड्राइव्हचे (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाचे) कपॅसिटर एसीच्या पीकपर्यंत, ५८७ ला भरतात. टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमधला हायड्रो एक्स्ट्रॅक्टर (ओला कपडा ड्रममध्ये फिरवून पाणी काढणारं मशीन) घ्या. भरलेला ड्रम ड्राइव्हने थांबवताना मोटरच जनरेटर होते आणि ब्रेकिंग चॉपर (ही जादा वीज ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये जाळणारा स्विच) चालू होईपर्यंत बस, म्हणजे ड्राइव्हमधली डीसी लाइन, ७५० च्या वर चढते.

आता वायरवरचा छाप वाचा. पीव्हीसी वायरच्या आयईसी ६०२२७ या आंतरराष्ट्रीय मानकात नियम आहे: डीसी सिस्टिमचं व्होल्टेज वायरच्या रेटिंगच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. छापातला पहिला आकडा अर्थपर्यंतचा, दुसरा दोन तारांमधला; म्हणून ३००/५०० ची वायर म्हणजे डीसीत अर्थला ४५०, दोन तारांत ७५०. ५८७ ला ती पुरते, ब्रेकिंगला मार्जिन संपतं. ४५०/७५० ची वायर ६७५ आणि १,१२५ झेलते. डीसी बस आणि ब्रेकिंग रेझिस्टरला हीच घ्या, ११०० व्होल्ट छापलेलीही चालेल. रेझिस्टरच्या टर्मिनलजवळ मात्र साधं पीव्हीसी नको, उष्णता सोसणारी सिलिकॉन वायर लावा.

“डीसीला रेटिंग निम्मं धरा” असंही कुणी सांगतं. ते एमसीबी आणि कॉन्टॅक्टर या सर्किट तोडणाऱ्या-जोडणाऱ्या उपकरणांच्या (स्विचगिअरच्या) बाबतीत ऐकलेलं असतं. एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि सर्किट तोडताना पडणारी ठिणगी (आर्क) विझते. डीसीत तसं होत नाही, म्हणून स्विचगिअरचं डीसी रेटिंग वेगळं बघावं लागतं. वायरच्या इन्सुलेशनला तो हिशेब लावू नका.

“२४ व्होल्टला काहीच बघायला नको.” ती वायर ४१५ च्या वायरसोबत एकाच डक्टमधून जात असेल, तर तिचं इन्सुलेशन त्या डक्टमधल्या सर्वांत मोठ्या व्होल्टेजचं हवं, आयईसी ६०२०४-१ हेच सांगतं. नाहीतर मध्ये पार्टिशन घाला. शिवाय ड्रॉप, म्हणजे वायरमध्येच गळणारं व्होल्टेज: २० मीटरवरच्या व्हॉल्व्ह बँकेला ५ अँपिअर, येऊन-जाऊन ४० मीटर. एक स्क्वेअर (चौरस मिमी) वायरमध्ये ३.९ व्होल्ट गळतात, उरतात २०.१. सोलेनॉइडला (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॉइलला) साधारण २१.६ तरी लागतात. दीड स्क्वेअरही थोडक्यात कमी पडते, अडीचला २२.४ मिळतात. व्होल्टेज कमी पडलं की व्हॉल्व्ह मधूनच अडकतो आणि दोष पीएलसीवर (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर) जातो.

सोलापूरच्या मे महिन्यात बंद पॅनेलमध्ये ५५ अंश सहज होतात. ७० अंशांच्या पीव्हीसी वायरची ४० अंशांना धरलेली क्षमता तिथे ०.७१ पट उरते. २० अँपिअरची वायर १४ चीच धरा.

वायरिंग झाल्यावर ड्राइव्ह, पीएलसी आणि पॉवर सप्लाय सोडवून पॉवर सर्किट ते अर्थ ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारा. १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर पॅनेल चार्ज करू नका.