नेटिव्ह कोण, आणि ते ठरवणार कोण?

गोव्यात एखादा डोंगर कापला गेला, शेतात भराव पडला किंवा नोकरभरतीची यादी लागली की काही दिवसांतच वाद मूळ विषयावरून सरकतो आणि ‘खरा गोमंतकीय कोण’ या प्रश्नापाशी येऊन ठेपतो. कोंकणी सभांतून ‘निज गोंयकार’ म्हटले जाते, मराठी लेखांतून ‘मूळ गोमंतकीय’ किंवा ‘भूमिपुत्र’ लिहिले जाते आणि इंग्रजी पत्रकांत त्याच जागी ‘नेटिव्ह गोवन’ येते. फोंडा तालुक्यात वाढून आता कॅनडात टोरांटोशेजारच्या मिसिसागा शहरात राहत असल्यामुळे हा वाद मी दुरून, पण नेमाने वाचत असतो. त्यातल्या इंग्रजी शब्दापाशी मी दर वेळी थांबतो, कारण ज्या देशात मी राहतो तेथे माणसांना ‘नेटिव्ह’ म्हणण्यापूर्वी जाणते लोक दोनदा विचार करतात. या शब्दाचा इतिहास आपल्या वादाशी थेट संबंधित आहे, असे माझे मत आहे.

‘नेटिव्ह’चे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘नास्की’ म्हणजे जन्मणे, आणि ‘नातिवुस’ म्हणजे जन्माने आलेला, जन्मजात. इंग्रजीतील ‘नेशन’ आणि ‘नेचर’ हे शब्द याच कुळातले, आणि फ्रेंचमार्गे आलेला, भोळा या अर्थाचा ‘नाईव्ह’ही त्याच ‘नातिवुस’चा वंशज. भाषाशास्त्रज्ञ या लॅटिन धातूचे नाते संस्कृतातील ‘जन्’ धातूशी जोडतात, ज्यापासून जन्म, जनता आणि जाति हे आपले शब्द झाले. म्हणजे ‘नेटिव्ह’ आणि ‘जात’ हे एकाच आदिम घराण्यातले दूरचे भाऊबंद आहेत, आणि पुढे दोघांच्या नशिबी आलेला इतिहासही फारसा वेगळा नाही. मध्ययुगीन इंग्लंडच्या लॅटिन दप्तरांत ‘नातिवुस’ म्हणजे जन्मानेच जमीनदाराला बांधलेला कूळ. असा माणूस पळून गेला तर त्याला परत मिळवण्यासाठी जमीनदाराला राजाच्या कचेरीतून खास हुकूमनामा आणता येत असे, आणि त्या हुकूमनाम्याच्या नावातच हा शब्द होता. त्या नोंदीत जन्माने माणसाला भूमीवर कोणताही हक्क मिळत नव्हता. उलट त्याच्या जन्मामुळे भूमीच्या मालकाला त्याच्यावर हक्क मिळत होता.

साम्राज्याच्या काळात या शब्दाला आणखी एक वळण मिळाले. इंग्रजीत ‘अ नेटिव्ह ऑफ गोवा’ म्हटले तर गोव्यात जन्मलेला माणूस एवढाच सरळ अर्थ होतो, आणि तो कोणाला लागत नाही. पण पुढचे गावाचे नाव काढून टाकून नुसते ‘द नेटिव्ह्ज’ म्हटले की त्या शब्दात जागा उरत नाही, उरते ती फक्त पायरी. मुंबई इलाख्यात हा शब्द याच दुसऱ्या अर्थाने चालला. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी, नेटिव्ह इन्फन्ट्री, किल्ल्याबाहेरचे नेटिव्ह टाउन, नेटिव्ह संस्थाने अशी त्याची रांग लागते. बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाचे त्या सोसायटीतील पदसुद्धा ‘नेटिव्ह सेक्रेटरी’ असेच होते. आपल्या पेडण्यातील मांद्रे गावचे भाऊ दाजी लाड मुंबईत नामांकित डॉक्टर आणि विद्वान झाले. त्यांचे गाव ब्रिटिश हद्दीत नव्हते, ते पोर्तुगीज अमलाखाली होते. तरीही मुंबईच्या इंग्रजी व्यवहारात ते नेटिव्हच होते, कारण तेथे या शब्दाचा जन्मस्थानाशी काही संबंध राहिलाच नव्हता. जो युरोपीय नाही तो नेटिव्ह, इतकीच व्याख्या उरली होती. १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयक आले आणि हिंदी न्यायाधीशाने जिल्ह्याच्या ठिकाणी युरोपीय आरोपीचा खटला चालवावा की नाही यावर गोऱ्या समाजाने रान उठवले, तेव्हा ती पायरी सर्वांना उघड दिसली. अखेर निम्मे पंच गोरे मागण्याचा अधिकार युरोपीय आरोपीला देऊन सरकारने माघार घेतली. एतद्देशीयांनी हा शब्द आपल्या परीने उलटवण्याचा प्रयत्नही केला. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८६४ मध्ये मुंबईत काढलेल्या पत्राचे नाव ‘नेटिव्ह ओपिनियन’ होते, आणि त्या नावात मला आजही ताठ मान दिसते.

पोर्तुगीज साम्राज्यात याच कामासाठी ‘इंदिजेना’ हा शब्द होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत अंगोला, मोझांबिक आणि गिनी येथील बहुसंख्य आफ्रिकी लोकांना नागरिकत्वाबाहेर ठेवणारा वेगळा इंदिजेना कायदा होता, तो १९६१ मध्ये रद्द झाला. गोव्याला तो लागू नव्हता. त्यामुळे लॉरेन्सू मार्किशच्या, म्हणजे मोझांबिकच्या राजधानीतल्या (आजच्या मापुतोतल्या), कचेरीत कारकुनी करणारा गोमंतकीय त्या रेषेच्या वरच्या बाजूला बसत असे, आणि त्याच गावात जन्मलेला आफ्रिकी माणूस खालच्या बाजूला. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतही नैरोबी आणि कंपालाच्या सरकारी कचेऱ्यांत गोमंतकीय कारकून होते, आणि तेथे ‘नेटिव्ह’ म्हणजे आफ्रिकी. पुढे १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा तेथेच जन्मलेल्या अनेक गोमंतकीयांना आपण या भूमीचे ठरत नाही हे ऐकून घ्यावे लागले. त्यांपैकी काही कुटुंबे कॅनडात आली. टोरांटो परिसरातील गोवेकरांच्या मेळाव्यांत त्यांतील वयोवृद्ध मंडळी आजही भेटतात, आणि ओळख करून देताना कंपालाचे नाव घेण्याआधी हळदोणा, साळगाव, कुठ्ठाळी असे वाडवडिलांचे गाव सांगतात. कोंकणीतला ‘तूं खंयचो?’ (तू कुठला?) हा प्रश्न या लोकांनी तीन खंडांतून जपून आणला आहे, आणि तो त्यांच्या तोंडी नेहमी मायेचा असतो.

मी राहतो त्या शहराची कथा याहून बोलकी आहे. मिसिसागा हे नाव येथील मूळ रहिवासी राष्ट्राचे आहे. आजचे टोरांटो ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीन १७८७ मध्ये आणि पुन्हा १८०५ मध्ये कागद करून ब्रिटिश राजसत्तेने या लोकांकडून घेतली. १८०५ च्या व्यवहाराची किंमत दहा शिलिंग लावली होती. १८४७ मध्ये क्रेडिट नदीकाठचे आपले गाव सोडून ते हॅगर्सव्हिलजवळच्या राखीव जमिनीवर गेले आणि आजही तेथेच आहेत. शेवटी २०१० मध्ये केंद्र सरकारने त्यांना १४ कोटी ५० लाख डॉलर देऊन हा दावा मिटवला. माझ्या मुलीच्या शाळेत सकाळी ध्वनिक्षेपकावरून, ही भूमी कोणाची होती, हे सांगणारी काही वाक्ये वाचली जातात. मुले त्या वेळी उभी असतात, आणि ज्यांची नावे घेतली जातात त्या लोकांपैकी कोणी त्या वर्गात बहुधा नसते.

या लोकांना नेटिव्ह कोणी ठरवले, तर सरकारी वहीने. १८७६ च्या इंडियन ॲक्टने कोण ‘इंडियन’ आणि कोण नाही याची नोंद ओटावाच्या हाती दिली. नोंद झालेल्या स्त्रीने नोंद नसलेल्या पुरुषाशी लग्न केले की तिचे नाव वहीतून निघत असे. त्याच आईबापांच्या पोटी, त्याच गावात जन्मलेल्या तिच्या भावाने बाहेरची बायको केली तरी त्याचे नाव राहत असे, एवढेच नव्हे तर त्याच्या बायकोचे नाव वहीत चढत असे. हा नियम १९८५ मध्ये बदलला. नोंद कायम ठेवून केंद्रीय निवडणुकीत मतदान करण्याचा सरसकट अधिकार या लोकांना १९६० मध्ये मिळाला. ज्या भूमीचे ते नेटिव्ह म्हणून नोंदले गेले, त्या भूमीच्या कारभारात त्यांना मत मिळायला इतकी वर्षे लागली. आज त्यांच्यातील बहुतेक जण स्वतःच्या राष्ट्राचे नाव सांगणे पसंत करतात आणि सरकारी भाषेत ‘इंडिजिनस’ किंवा ‘फर्स्ट नेशन्स’ हे शब्द आले आहेत. काही जुन्या संस्थांच्या नावांत ‘नेटिव्ह’ टिकून आहे, बोलण्यात मात्र तो मागे पडत चालला आहे.

हे सारे डोळ्यांसमोर असताना गोव्यातील वाद वाचला की मला काळजी वाटते. ३० जुलै २०२१ रोजी विधानसभेने गोवा भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक संमत केले. गोव्यात तीस वर्षे राहिलेल्या माणसाला ‘भूमिपुत्र’ म्हणावे आणि त्याने बांधलेल्या छोट्या घराखालच्या जमिनीची मालकी मिळण्याची वाट त्याला द्यावी, असा त्याचा आशय होता. त्यावर सर्वांत तीव्र आक्षेप गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांतून आला, आणि तो रास्त होता: ज्यांनी पहिल्यांदा या जमिनीवर बांध घातले त्यांचे नाव कायद्याने सरसकट वाटून कसे टाकता येईल? सरकारने आधी तो शब्द वगळण्याचे जाहीर केले आणि मग विधेयकच पुढे नेले नाही. घराखालच्या जमिनीचा प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला, आणि मला खटकते ते हेच. मालकीच्या एका व्यवहारी प्रश्नावर जन्माचा शब्द चिकटवला, आणि शब्दासोबत प्रश्नही बाजूला पडला.

‘मूळ’ कुठून मोजायचे, याचे उत्तर गोव्यात तर फारच अवघड आहे. माझ्या तालुक्याचे वैभव असलेली दैवतेच मुळात स्थलांतरित आहेत. मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. सोळाव्या शतकात देवळे मोडली जात होती, म्हणून भक्तांनी देव उचलले, खाडी ओलांडली आणि परक्या राजाच्या मुलखात आसरा घेतला. फोंड्याच्या तेव्हाच्या रहिवाशांनी त्यांना जागा दिली नसती, तर आज आपण कोणत्या पालखीपुढे उभे राहिलो असतो? गावकरीचेही तसेच आहे. गावे वसवणाऱ्यांच्या वंशजांची ही जुनी संस्था, १५२६ च्या अफोन्सो मेशियाच्या फोरालने, म्हणजे पोर्तुगीज सनदेने, तिच्या रूढी कागदावर आणल्या, आणि गोव्याची खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, तिने शतकानुशतके सांभाळली. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण गावकार म्हणून नाव लागते ते पुरुषांच्या वंशाने, त्याच गावात जन्मलेली मुलगी त्या यादीत येत नाही, हे वाचताना मला इंडियन ॲक्टची ती वही आठवल्यावाचून राहत नाही.

घरचे मित्र म्हणतात, तुम्ही परदेशात बसून हे लिहिता. येथे आमच्या डोळ्यांदेखत गाव बदलतो आहे. त्यांची वेदना खरी आहे आणि तिच्याशी माझा वाद नाही. दिल्ली-मुंबईच्या पैशाने डोंगरउतारावर उभे राहणारे व्हिला, कोरड्या पडणाऱ्या विहिरी, बुजवलेली खाजने, हे सारे मीही येतो तेव्हा पाहतो. पण नगर व ग्राम नियोजन कायद्यातील १७(२) आणि ३९अ या कलमांनी भूखंडांचा झोन बदलण्याची वाट मोकळी केली (१७(२)खालचे नियम २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले), आणि त्या वाटेने अर्ज करताना कोणी जन्मदाखला मागितला नाही. जमीन विकणारा पुष्कळदा पिढ्यान्‌पिढ्यांचा गोमंतकीयच असतो. डोंगर वाचवायचा असेल तर भांडण त्या कलमांशी, झोनच्या नकाशाशी आणि ग्रामसभेच्या अधिकाराशी असायला हवे. ‘भायलो’ आणि ‘घाटी’ हे शब्द मात्र व्हिलाच्या मालकापर्यंत पोहोचतच नाहीत. ते येऊन आदळतात त्या व्हिलाच्या विटा वाहणाऱ्या गदगच्या किंवा कलबुर्गीच्या मजुरावर. मिसिसागात माझ्यासारख्यांना ‘आपल्या देशात परत जा’ असे ओरडून सांगणारे लोक अलीकडे पुन्हा धीट होऊ लागले आहेत, आणि त्यांच्या स्वरात मला तोच स्वर ऐकू येतो.

जन्माच्या पुराव्यावर माझी बाजू भक्कम आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. माझे वडील १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले, त्यामुळे लिस्बनमध्ये नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्वसुद्धा मागता येईल. वडिलोपार्जित भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, एक-चौदाच्या जमीन-उताऱ्यावर आमच्या घराण्याचे नाव आहे. आता माझ्याकडे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड आहे, आणि त्यावर मला भारतात घर घेता येते पण शेतजमीन विकत घेता येत नाही. काही गोवेकर मित्रांना हा अन्याय वाटतो. मला तो नियम योग्य वाटतो, कारण जो राबणार नाही त्याच्या हाती केवळ जन्माच्या आधारावर शेत जाऊ नये.

आणि ज्या गोमंतकीयांचा जन्माचा दावा खरोखर उपाशी राहिला आहे ते आहेत मुंडकार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेली, नारळ-सुपारीची राखण केलेली ही माणसे कधी गाव सोडून गेली नाहीत. त्यांच्यासाठी १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आहे, त्यात घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्कही आहे, पण मामलेदारापुढे तारखा पडत राहतात, अर्जदार म्हातारे होतात आणि दाव्यावर मुलांची नावे चढतात. पुढच्या अधिवेशनात ‘मूळ गोमंतकीया’ची व्याख्या करणारे नवे विधेयक येणार असेल, तर त्याआधी या दाव्यांच्या निकालाला मुदत बांधून द्यावी आणि प्रत्येक तालुक्यात त्यासाठी वेगळा अधिकारी नेमावा, अशी माझी सभागृहातील सर्व पक्षांच्या सदस्यांना विनंती आहे. आमच्या भाटातील मुंडकाराच्या अर्जाला आमच्या कुटुंबाची लेखी संमती आहे. सुनावणीची पुढची तारीख अजून लागलेली नाही.